शेठजी, तुम्ही बाहेर बसा

पोलोच्या जगात शेठ लोकांची सोय उत्तम आहे. इंग्लंडमधला काउड्रे पार्कचा गोल्ड कप घ्या. संघाचा खर्च उचलणारा ‘पॅट्रन’ बहुधा स्वतःही मैदानात उतरतो. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा गल्लीतला कायदा, इथे फक्त बॅटीच्या जागी अख्खी पागा. खेळाडूची पत उणे दोन ते दहा गोल अशा हँडिकॅपमध्ये मोजतात आणि चौघांची बेरीज बाविसावर जाऊ देत नाहीत. दहा-दहाचे दोन हिरे घेतले की उरलेल्या दोघांच्या वाट्याला मिळून दोन. तिथे शेठजींचं शून्य फार उपयोगी पडतं. काही न येण्याची एवढी कदर दुसऱ्या कुठल्या खेळात होत असेल?

ब्युनोस आयर्सच्या पालेर्मो मैदानावर मात्र त्यांची पंचाईत होते. १८९३पासून चालत आलेल्या अर्जेंटाइन ओपनला बेरजेची वरची मर्यादा नाही आणि कच्च्या संघाला आगाऊ गोलांची भीकही नाही. चौघेही दहाचे असा चाळीस गोलांचा संघ दिसावा, तर तो अशाच स्पर्धेत. सामन्याचे टप्पे, म्हणजे चुक्कर, आठ; इंग्लंडात सहांवर भागतं. आयाळ भादरलेली, शेपूट वेणी घालून बांधलेली घोडी भरधाव कडेला येते, मोतद्दार दुसरी तयार धरून उभा असतो आणि खेळाडू जमिनीला पाय न लावता एका खोगिरातून दुसऱ्यात जातो. शेठजींनी हे करायला जाऊ नये, हेच बरं.

म्हणजे इथे निव्वळ गुणवत्ता? अगदी. फक्त ती ठरावीक घरांत जन्म घेते. कोरोनेल सुआरेझच्या गाजलेल्या संघात दोन हॅरियट बंधू आणि दोन एगी बंधू. त्यांपैकी हुआन कार्लोस हॅरियटने ही स्पर्धा वीस वेळा जिंकली. पुढे आदोल्फो कांबियासोच्या ला दोल्फिनाने २०१३ ते २०२० अशी सलग आठ वर्षं करंडक घरीच ठेवला. २०२१मध्ये सत्तापालट झाला, तो ला नातिविदादकडून. त्या संघातले कास्तान्योला बंधू कोण? कांबियासोच्या सख्ख्या बहिणीचे मुलगे. आपल्याकडे काका-पुतणे, तिकडे मामा-भाचे. करंडक पाहुण्यांतच फिरला.

माणसांचं घराणं जपायला लग्नं पुरतात, घोड्यांना तेवढ्याने भागेना. २००६च्या फायनलमध्ये कांबियासोच्या लाडक्या आइकेन कुराचा पाय मोडला. घोडा वाचला नाही, पण त्याच्या पेशी कांबियासोने जपून ठेवायला लावल्या होत्या. मग क्लोनिंगचा कारखानाच सुरू झाला. २०१०मध्ये क्वार्तेतेरा या त्याच्या नामांकित घोडीची एक प्रतिकृती लिलावात सुमारे आठ लाख डॉलरला गेली. शेठजींना शेवटी पैसे घालायला जागा मिळाली म्हणायची.

२०१६च्या फायनलमध्ये कांबियासो क्वार्तेतेराच्या सहा प्रतिकृतींवर बसून खेळला. सामना ला दोल्फिनानेच जिंकला. ही घोडी दमेल आणि मग आपण गाठू, असा हिशेब प्रतिस्पर्धी एलर्स्तिनाच्या चौघांनी केला असेल, तर बिचाऱ्यांसमोर दर वेळी तीच घोडी ताजी होऊन येत होती. आणि रिवाजाप्रमाणे ती बदललेलीही होती.