डेमोवाला

मे महिन्याच्या उकाड्यात तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलात टाय बांधलेला माणूस दिसला, तर खुशाल समजावं की आत डॉक्टरांची परिषद आहे आणि हा डेमोवाला आहे.

त्याच्याकडे खिशात मावणारं ईसीजी यंत्र असतं. पण सुरुवात तो आइंटहोवेनच्या ईसीजी यंत्रापासून करतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचं ते यंत्र 270 किलोंच्या आसपास होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. "आणि आज, सर..." म्हणत तो खिशात हात घालतो. आधी रुमाल निघतो.

पूर्वी त्याचं काम सोपं होतं. बॅगा वाटल्या की झालं. कंपन्यांसाठीच्या 2024च्या विपणन आचारसंहितेने डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई केली, तेव्हापासून बॅगांऐवजी तो खेळ वाटतो. श्रोत्यांना बोलतं करा, असं त्याला मुंबईच्या प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. शिकवणाऱ्याने मालवणी गजाली ऐकलेल्या नसाव्यात. इथल्या सभागृहाला गप्प कसं करावं, हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत कुठेच नसतं.

खेळ असा: डॉक्टरांचे दोन संघ, टेबलावर हॉटेलातला एक पोरगा, चार इलेक्ट्रोड हातापायांना, सहा छातीला. आधी लावेल तो संघ जिंकला. चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधली जागा नेमकी कुठली, यावर हाडांचे डॉक्टर आणि फिजिशियन यांच्यात जुनं भांडण नव्याने पेटतं. तोवर पोरगा घामाने निथळलेला. एक चिकटपट्टी लावली की दुसरी घसरते. शेवटी पडद्यावर जो आलेख उमटतो, तो थेट करूळ घाटाचा नकाशा.

"घामामुळे, सर! आर्टिफॅक्ट!" डेमोवाला ओरडतो.

"पोराक आधी जेवूक घाल रे," मागून आवाज येतो.

मग कणकवलीकडचे एक बुजुर्ग डॉक्टर उठतात. ते प्रत्येक परिषदेत असतातच. "लाइट गेल्यार ह्यां चलता मां? आणि पावसात बिघडलां तर माणूस खंयसून येतलो?"

कुठल्याच स्लाइडमध्ये याचं उत्तर नसतं. बॅटरीचं तो पाठ म्हणून दाखवतो. दुरुस्तीवाला कोल्हापूरहून, घाट उतरून येणार, हे मात्र इतक्या हळू सांगतो की पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. माझ्या मते दिवसभरात एवढी एकच गोष्ट त्याने विकण्यासारखी सांगितलेली असते; माणूस येणार आहे, ही.

तेवढ्यात कोंबडीवड्यांचा वास आत शिरतो आणि परिषद संपते. डॉक्टर त्याला हाताला धरून पंगतीला बसवतात, टाय सोडायला लावतात, सोलकढी दोनदा वाढतात. ऑर्डरीचा विषय तो तिसऱ्या वड्याला काढतो.

"चतुर्थी होऊंदे, मगे बघूया."

रात्री मॅनेजरचा फोन येतो. मॅनेजर घाटावरचा असला तर चतुर्थीनंतर म्हणजे नक्की कोणती तारीख, असं विचारतो. मालवणी असला तर विचारत नाही. आपल्या रजेचा अर्ज त्याने आधीच टाकलेला असतो.