लीलाआत्याचं बदक-खातं

लीलाआत्याने बदकं पाळायचं जाहीर केलं तेव्हा आतोबांनी एवढंच विचारलं, "कोंबड्यांनी काय घोडं मारलंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली त्यांना लेखी उत्तर मिळालं. विषय, संदर्भ, मग मुद्दे. कोंबडी मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तिथे अंडं घालते. बदक बहुधा पहाटे घालतं, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत कोंडून ठेवलं की अंडी जागेवर मिळतात. मानमोडीची साथ आली की कोंबड्या पटापट जातात. बदक तिला सहसा दाद देत नाही. शिवाय खाचरातल्या गोगलगायी फुकटात वेचून देतं. खाली सही, सहीखाली तारीख. आतोबांनी कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून कागद परत केला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना तितपत कार्यालयीन मराठी येऊ लागलं आहे.

आत्या एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झाली. असं माणूस प्रत्येक घराण्यात एखादं तरी असतंच. नोकरी सुटते, टिपणी सुटत नाही. शहरात असले की हे लोक सोसायटीचे सचिव होतात आणि गच्चीच्या किल्लीवरून जन्माचे वैरी करून ठेवतात. आत्या पेणजवळच्या एका गावात राहते. तिथे सोसायटी नाही, गच्ची नाही. त्यामुळे हे सगळं बदकांच्या वाट्याला आलं.

कुठल्या जातीचं बदक घ्यायचं यासाठी तिने तुलनात्मक तक्ता केला. पहिलं पेकिन. पांढरंशुभ्र, दिसायला गोंडस, 1873 साली चीनमधून अमेरिकेत गेलेलं आणि तिथे मांसासाठी नाव काढलेलं. दीड-दोन महिन्यांत दोन किलोंच्या पुढे जातं. आतोबांचं मत अर्थातच पेकिनला होतं. आत्याचा शेरा: 'नेमणूक फक्त ताटात. अमान्य.' दुसरं इंडियन रनर. ताठ मानेचं, डुलत चालण्याऐवजी सरळ धावत सुटणारं. शेरा: 'नाव इंडियन, मूळ गाव जावा-बालीकडे. कागदपत्रांत तफावत.' केरळातल्या कुट्टनाडच्या चारा आणि चेंबल्ली या देशी जातींवर तिचा जीव जडला होता. भातकापणी झाली की त्यांचे हजारांचे कळप या खाचरातून त्या खाचरात चरत जातात आणि राखणारे बरोबर मुक्काम हलवत राहतात. पण तिथेही पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'फिरतीची सवय. एका अंगणात रमतील?'

शेवटी निवड झाली ती खाकी कॅम्पबेलची. ही जात विसावं शतक उजाडायच्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तयार केली. रनर, रूआँ आणि रानटी मॅलार्ड यांचा संकर करून. चांगली निगा राखली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. आकडा आत्याला आवडलाच, पण त्याहून बाई आवडल्या. "घरची कामं सांभाळून केलं हो तिने," ती सगळ्यांना सांगते. "समिती नाही, अनुदान नाही, अभ्यासदौरा नाही." शिवाय रंग खाकी. हे तिने तक्त्यात लिहिलं नाही, पण ठरलं ते तिथेच, असं आतोबा म्हणतात.

एका दिवसाची वीस पिल्लं खोक्यातून आली आणि घराचं कार्यालय झालं. खोक्यावर साठचा बल्ब, आत भाताचा तूस, कडेला थर्मामीटर. पहिल्या आठवड्यात बत्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खरं तर थर्मामीटरची गरज नसते. पिल्लं बल्बखाली गर्दी करू लागली की त्यांना थंडी वाजते आहे आणि भिंतींना चिकटली की उकडतं आहे, एवढं आतोबांनीही ओळखलं होतं. पण निरीक्षण हा पुरावा होत नाही, असं आत्याचं म्हणणं. एका रात्री वीज गेली तेव्हा आतोबांच्या कंबरेची शेकायची पिशवी कापडात गुंडाळून खोक्यात गेली. ती अजून जमेच्या बाजूला आलेली नाही.

पाण्याचं प्रकरण जास्त बिकट. बदकाच्या पिल्लाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे, नाहीतर नाक चोंदतं. पण अंग बुडता कामा नये. आई पोटाशी घेते तेव्हा तिच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं. बल्बकडे तेल नसतं. बिनआईचं पिल्लू पोहायला सोडलं तर भिजतं, गारठतं आणि मरतं. म्हणून उथळ थाळी आणि तिच्यात गोटे. एवढी तजवीज केल्यावर पिल्लांनी काय केलं? भरड्याचा घास घेतला, पाण्यात बुचकळला, उरलेलं पाणी तुसावर सांडलं आणि त्या चिखलात समाधानाने बसली. आत्या रोज तूस बदलायची आणि वहीत लिहायची: 'ओले.' बारा दिवस सलग 'ओले' आहे. तेराव्या दिवशी 'तथैव'.

खाद्याच्या बाबतीत मात्र तिच्या काटेकोरपणाला हसू नये. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदकांना चालतं, पण त्यात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लांचे पाय लुळे पडतात. ती त्यात यीस्ट मिसळते. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड तर बदकाच्या पिल्लाला विषच. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्लं अशाच पेंडीने मेली आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन सापडलं. त्यामुळे आत्या दुकानात पोतं उघडायला लावते, मूठ नाकाशी नेते आणि दुकानदाराकडे बघते. त्या बघण्याने पूर्वी कंत्राटदारांची बिलं महिनोन्महिने अडली आहेत.

अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसभरात जे हलतं-बोलतं समोर येतं, त्यालाच बदकाचं पिल्लू आई समजतं. त्यामुळे आत्या ग्रामपंचायतीत घरपट्टी भरायला निघाली तेव्हा मागून वीस जणांची रांग निघाली. रांग सरळ होती, हे तिला विशेष. मी तिला ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांची गोष्ट सांगितली: ते पिल्लांची आई होऊन 'क्वॅक क्वॅक' करत उकिडवे चालायचे, गवतातली पिल्लं दिसायची नाहीत, आणि कुंपणापलीकडचे प्रवासी या दाढीवाल्याकडे आ वासून बघत राहायचे. "पुढे काय झालं त्यांचं?" "1973 साली नोबेल मिळालं." आत्याने मान डोलावली. "बघ. मी तर उभी चालते."

दोनेक महिन्यांत खरा पेच आला. माद्या खणखणीत ओरडू लागल्या, नरांचा आवाज बसका झाला आणि पुढे त्यांच्या शेपटीवर वर वळलेली पिसं दिसू लागली. मोजणी झाली: अकरा नर. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. आतोबांनी मसाला वाटायची तयारी दाखवली. आत्याने 'अतिरिक्त कर्मचाऱ्यांचे समायोजन' अशी फाईल उघडली आणि नऊ नर तालुक्यातल्या नऊ घरी प्रतिनियुक्तीवर पाठवले, 'कापणार नाही' असं लेखी घेऊन.

कळपात एकच बाहेरचा, कुणीतरी आणून दिलेला मस्कोव्ही नर. मस्कोव्हीचा मॉस्कोशी संबंध नाही. मूळ दक्षिण अमेरिकेचा, आणि बाकीची पाळीव बदकं मॅलार्डच्या वंशातली असताना हा वेगळ्याच कुळातला. तोंडावर लाल मांसल गाठी. ओरडत नाही, नुसता फुसफुसतो. आत्या त्याला 'साहेब' म्हणते. कुठले साहेब, हे तिने सांगितलं नाही. तिच्या जुन्या सहकारी बाई भेटायला आल्या, त्यांनी एकदा बघितलं आणि खुर्चीतून पडेपर्यंत हसल्या.

खाकी कॅम्पबेलला अंड्यांवर बसायचा कंटाळा. म्हणून पुढची अंडी शेजारच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची मुदत एकवीस दिवसांची, बदकाची अठ्ठावीस. जादा सात दिवसांसाठी आत्याने तिला रोज मूठभर ज्वारी वाढवून दिली. खतावणीत नोंद आहे: 'अतिकालिक भत्ता.'

हिशेब विचाराल तर एक अंडं बाजारभावाच्या तिप्पट पडतं. पिशवी, तूस, यीस्ट, बल्ब, सगळं धरलेलं आहे. एक रुपया लपवलेला नाही. विक्रीच्या रकान्यात शून्य, कारण निम्मी अंडी वाटली जातात. निम्मी आतोबांच्या ऑम्लेटला जातात. बदकाच्या अंड्यातला बलक मोठा असतो, त्यामुळे पेकिनचं दुःख ते विसरले आहेत. वर्षअखेरीस तूट दाखवून आत्याने स्वतःच स्वतःवर आक्षेप काढला, स्वतःच खुलासा दिला आणि खुलासा समाधानकारक नसल्याचा शेराही मारला.

सध्या नवी पिल्लं देणे आहेत. हवी असतील त्यांनी साध्या कागदावर अर्ज घेऊन जावं, दोन प्रतींत, आणि सकाळी नऊनंतरच. तळं आहे का, हे ती विचारत नाही, त्याशिवाय चालतं. ती विचारते, रात्री कोंडायला पक्कं खुराडं आहे का, आणि आवारात मुंगूस येतं का. दुसऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर देऊ नका. ती पाहणीला येते.