रात्रीची गाडी आणि पत्र

पंजाब मेल १९१२ पासून धावतेय. हावडा मेल आहे, चेन्नई मेलही आहे. 'मेल' म्हणजे काय, असं फलाटावर कुणालाही विचारा. उत्तर येईल, जलद गाडी. मेल म्हणजे टपाल, हे आता समजावून सांगावं लागतं!

टपालाला उशीर चालत नसे, म्हणून ती गाडी जलद. घाई पत्राची होती.

१८६४ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर पत्रांची वर्गवारी धावत्या गाडीतच सुरू झाली. भिंतीला लाकडी खण, दिव्याखाली उभा सॉर्टर, डोळे पत्त्यावर, पाय डब्याच्या हेलकाव्याशी जुळलेले. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्या गावची थैली सुतळीने बांधून, लाखेचा शिक्का मारून तयार. प्रवास चालू, कामही चालू.

तेच टपाल ट्रकने पाठवलं, तर हे होतं का?

तिथे पत्र रात्रभर नुसतं पडून राहतं. केंद्रावर उतरलं की मग वर्गवारी, मग पुन्हा चढाई. रात्र फुकट गेली, ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

आपल्याकडे काही थैल्या अजून रेल्वेने जातात, पण डब्यातली वर्गवारी केव्हाच थांबली. ब्रिटनमध्येही २००४ च्या जानेवारीत धावती टपालकचेरी बंद झाली, रस्ता स्वस्त म्हणून. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टपालगाड्या पुन्हा रुळांवर आणाव्या लागल्या! २०२४ मध्ये तिथल्या टपालखात्याने स्वतःच्या गाड्या जुन्या झाल्या म्हणून काढल्या. जुन्या गाड्या झाल्या होत्या, रूळ नव्हे.

'ट्रक दारापर्यंत जातो.' जातो ना! मग स्टेशनापासून दारापर्यंत त्यालाच न्यायला सांगा. मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर रूळ अंथरलेले असताना तेवढी थैली डिझेल जाळत कशाला न्यायची? लोखंडी चाक लोखंडी रुळावर अडतं फार कमी, म्हणून तेवढ्याच वजनाला ऊर्जाही कमी लागते. हे शाळेत शिकवतात.

'गाडी दोनच मिनिटं थांबते.' माणसं चढतातच की तेवढ्यात, पोराबाळांसकट! डबा जिथे लागतो तिथे थैल्यांची हातगाडी आधी उभी करा.

उशीर झाला आणि मुलाखतीचं पत्र मुलाखत उरकल्यावर हाती पडलं, तर ती नोकरी कोण परत देणार?

संध्याकाळी मुंबईहून सुटलेली गाडी सकाळी नागपुरात असते. ती आज रात्रीही जाणारच आहे.

पत्राने मागे का राहायचं?