काट मारण्याआधी

अंशात क्ष वर्ग, छेदातही क्ष वर्ग. अशी जोडी दिसली की आठवीतल्या पोराची पेन्सिल शिवशिवते. मागच्या बाकावरून सल्लाही येतो, ‘‘सारखं दिसते ना, मंग काट ना बे!’’ मलकापूर असो की मुंबई, बैजिक अपूर्णांकाचा पहिला बळी असाच जातो.

क्ष² − ५क्ष + ६ भागिले क्ष² − ९ ही राशी घ्या. दोन्हीकडचे क्ष² उडवले की गणित हलके वाटते खरे. पण क्षच्या जागी ४ घाला. मूळ राशी म्हणते दोन सप्तमांश, उडवाउडवीनंतरची म्हणते चौदा नवमांश!

अधिक-उण्याने जोडलेली पदे म्हणजे पॅसेंजरमधले सहप्रवासी. मलकापूरला शेजारी बसले, भुसावळपर्यंत कापसाच्या भावावर गप्पा रंगल्या, म्हणून कोणी कोणाचे नातेवाईक होत नाही. काटायला नाते गुणाकाराचेच लागते. त्यासाठी आधी अवयव पाडायचे. गुणाकार ६ आणि बेरीज −५ येईल असे आकडे शोधायचे: −२ आणि −३. मग वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष + ३)(क्ष − ३). आता क्ष − ३ खुशाल काटा. उरले (क्ष − २) भागिले (क्ष + ३). पुन्हा ४ घाला. दोन सप्तमांश, जसेच्या तसे.

आणि ३ घातले तर? सरळरूप शहाण्यासारखे एक षष्ठांश सांगते. मूळ राशी मात्र शून्य भागिले शून्य म्हणून हात वर करते. हा पेच जुना आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त विचारले: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिपटीला शून्याने भागले, आले ६३, संख्या कोणती? शून्याला शून्य काटून त्यांचे उत्तर १४. आजचे कलनशास्त्र या काटाकाटीला सीमेचा आधार देते. आठवीच्या वहीत तो मिळत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शके ११२८चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

तेव्हा पोरांनो, काटा. पण अवयव पाडून. आणि जे काटले ते शून्य नव्हते, ही अट उत्तराशेजारी लिहायला विसरू नका.