गाडीत शेगडी ठेवण्याबाबत

विनिपेग, कॅनडा
जानेवारी

ती. आबांस, मु. पो. पारशिवनी, जि. नागपूर,


विषय : इंजिन काढून मोटर बसवलेल्या गाडीत शेगडी ठेवण्याची आपली सूचना.

पेट्रोलच्या गाडीत ऊब फुकट मिळते. जळलेल्या इंधनाचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. त्यातली थोडी इंजिनाचे पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरात आणते आणि पंखा ती आत सोडतो. मोटर मात्र 90 टक्क्यांच्या आसपास वीज कामाला लावते. तिच्याकडे वाटायला ऊब उरत नाही. पारशिवनीच्या मे महिन्यात हा गुण ठरेल. विनिपेगला जानेवारीची रात्र सहज उणे 20 अंशांखाली जाते. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता. तेवढ्यावर इथे लोक कोट काढून ठेवतात.

उपाय दोन. पहिला, छोट्या रेडिएटरच्या जागी सिरॅमिक हीटर. त्यात बेरियम टायटनेटच्या वड्या आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या रांगा असतात. वडी ठरावीक तापमानापुढे गेली की तिचा रोध एकदम वाढतो, प्रवाह घटतो आणि ती आपोआप आवरते. दुसरा, रेडिएटर तसाच ठेवून विजेने पाणी तापवायचे आणि पंपाने फिरवायचे. पहिला लवकर तापतो. दुसऱ्यात डॅशबोर्ड उचकटावा लागत नाही. दोन्हींना डीसीसाठीच बनवलेला फ्यूज हवा, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. पंखा बंद असताना हीटर लागू नये, अशीही जोडणी हवी.

आता खर्च. बॅटरी 20 युनिटची आणि 100 किमीला 15 युनिट धरले, तर पल्ला 133 किमी. ताशी 30 किमी वेगाने 3 किलोवॅटचा हीटर लावून हिंडल्यास तोच 80 किमी होतो. सिग्नलला गाडी थांबते; हीटर घरजावयासारखा जेवतच राहतो.

म्हणून आधी माणसे तापवावीत, मग गाडी. सीटमधला हीटर 50 ते 100 वॅटमध्ये भागवतो. निघण्यापूर्वी, गाडी प्लगला असतानाच आतली हवा तापवावी; पेट्रोल इंजिनांना रात्री ऊब देण्यासाठी इथल्या पार्किंगमध्ये प्लग असतातच. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास खराब होते, त्यामुळे पहिला मान तिचा, मग वडीलधाऱ्यांचा. काचेला मात्र गरम वारा लागतोच. प्रवाशांचा श्वास तिच्यावर आतून गोठतो आणि बाद झालेल्या एटीएम कार्डाने खरवडावा लागतो. मागच्या सीटवर भांडण जुंपले की थर जाड होतो.

राहिली शेगडी. बंद जागेत कोळसा किंवा पऱ्हाट्या जळल्या की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. धूर बाहेर सोडणारे डिझेलचे हीटर मिळतात, पण मग विजेची गाडीही पंपावर न्यावी लागते.

सबब शेगडी पाठवू नये. लोकरीचे मोजे पाठवावेत. त्यांना वीज लागत नाही.

आपली,
विनिपेगकर मंडळी