सावलीचे वैरी

आमच्या पेठेतल्या स्टुडिओवाल्या अण्णांना माणूस चालतो, त्याची सावली चालत नाही. पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरं लागतं आणि त्या पांढऱ्यावर सावली चालत नाही, एवढंच मूळ कारण. पण अण्णांनी ते वैर घरचं मानलंय.

फोटोला उभं राहा म्हटलं की माणूस सवयीनं पडद्याला पाठ टेकतो. "पडद्याला टेकू नका, तो तुमच्याशिवायही उभा राहतो," अण्णा ओरडतात. फरशीवर लाल चिकटपट्टी आहे, पडद्यापासून मोजून सहा फुटांवर. अंगठे पट्टीला लागले पाहिजेत. मेन लाईट डोक्याहून उंच, खाली कललेला. त्यामुळे सावली पाठीमागे खाली उतरते आणि चौकटीबाहेर जाते. इतका सगळा खटाटोप 35 बाय 45 मिलिमीटरच्या कागदासाठी.

पडद्याला दोन दिवे वेगळे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोघांच्या तोंडावर बटरपेपर. एकाच बाजूनं उजेड टाकला की पडद्याचं दुसरं टोक राखाडी पडतं. "अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई उरतो," असं सांगून अण्णा थांबतात आणि वर जोडतात, "लांब राहायला गेलेल्या पोरांचंही तसंच." दिवे लावून झाले की पडद्यावरून नजर फिरवतात, निवडलेल्या तांदळात खडा राहिला का बघावं तशी.

एकदा त्यांच्या हातून अतिरेक झाला. पडदा इतका उजळला की एका आजींचे पिकले केस त्यात विरघळले आणि टकलावर पदर घेतल्यासारखा फोटो आला. तेव्हापासून पडदा चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ, त्यावर नाही.

परवा मी गेलो. तीनदा पुढे, दोनदा मागे, हनुवटी वर, चष्मा उतरवा. सगळं जमलं आणि लाईट गेली. काळोखातून अण्णांचा तृप्त आवाज आला, "बघा, आता कुठेच सावली नाही."

लाईट आल्यावर त्यांचं लक्ष माझ्या शर्टाकडे गेलं. पांढराशुभ्र, नवा. "मुंडकं तेवढं दिसेल," म्हणत त्यांनी खुंटीवरचा काळा कोट काढला. त्याच्या कॉलरला आत पावडरचा थर होता, डाव्या खिशात कंगवा, आणि पाठीला तीन टाचण्या, म्हणजे कोणाच्याही अंगात बसावा. फोटो झकास आला. सावलीचा मागमूस नाही. अर्ध्या पेठेच्या पासपोर्ट फोटोत हाच कोट आहे.

तुम्ही जाणार असाल तर गडद रंगाचं काहीतरी घालून जा. तो कोट अजून धुतलेला नाही.