रिकाम्या चौकटीची मीमांसा

विषयप्रवेश

पायथॉन या संगणकभाषेवर मराठीत पुस्तके आली, क्लास निघाले, क्लासच्या जाहिरातीही निघाल्या. परंतु विंडोजवर ही भाषा बसवताना पहिल्याच पडद्याच्या तळाशी नखाएवढी एक चौकट असते, तिच्याविषयी पंडितांनी आजवर मौन पाळले आहे. चौकटीशेजारी ‘अ‍ॅड पायथॉन डॉट ईएक्सई टू पाथ’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि ती मुळात रिकामी असते. तिच्या डोक्यावर मात्र ‘इन्स्टॉल नाऊ’ हे ठळक अक्षरात विराजमान. माणूस ठळकाकडे आधी धावतो. पुढचा सारा अनर्थ या धावण्यातून उद्भवतो, असे प्रस्तुत प्रबंधकाराचे मत असून ते येथे कोणीही विचारलेले नसताना मांडले आहे.

अनुबंध

कोणत्याही शास्त्राने प्रारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन सांगावे, असा दंडक आहे. विषय वर आला. संबंध उघड आहे: चौकट वर आणि मनस्ताप खाली. उरले अधिकारी आणि प्रयोजन.

अधिकारी म्हणजे गिरगावातल्या एखाद्या वाडीत, तळमजल्याच्या खोलीत अक्षरजुळणी करणारा गृहस्थ. त्याच्यापाशी कित्येक वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फायली पडून आहेत, त्याही श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांतल्या. नव्या संपादकाला सगळे युनिकोडमध्ये हवे आहे, आणि परवापर्यंत हवे आहे.

प्रयोजन थोडे सूक्ष्म आहे. जुन्या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठवली जात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो. तेथे वेलांटी नंतर येते आणि रफाराचा ‘र्’ आधी. म्हणून नुसते अक्षरास अक्षर बदलले, की ‘गिरगाव’चे ‘िगरगाव’ होते आणि ‘दर्शन’चे ‘दशर्न’. ‘स्थिती’सारख्या शब्दात तर वेलांटीला जोडाक्षर ओलांडून उडी मारावी लागते. हे काम ‘फाइंड-रिप्लेस’ने हाताने करायचे, तर पुढची दिवाळी येईल. पायथॉनमध्ये त्यासाठी अक्षरांचा एक तक्ता आणि नियमांच्या थोड्या ओळी पुरतात. गृहस्थ पायथॉन उतरवून घेतो, ठळकावर टिचकी मारतो, ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडतो आणि ‘पायथॉन’ असे टंकतो.

पूर्वपक्ष

खिडकी उत्तर देते की, पायथॉन ही अंतर्गत आज्ञा नव्हे, बाह्य आज्ञा नव्हे, चालवता येईल असा प्रोग्रॅम नव्हे आणि बॅच फाइलही नव्हे. उपनिषदांना ब्रह्माच्या वर्णनासाठी ‘नेति’ दोनदा पुरले. विंडोजला चारदा लागते. या चतुर्विध नकाराच्या निरसनाविषयी मुंबईत तीन संप्रदाय आढळतात.

पहिला पुनःस्थापनवाद्यांचा. यांचे पीठ लॅमिंग्टन रोडवर आहे. सरकारदरबारी त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. ‘काढा आणि परत टाका’ हे यांचे सूत्र, आणि ते न साधल्यास ‘फॉरमॅट मारा’ हे महावाक्य. खंडन सोपे आहे. चौकट रिकामी ठेवून दहादा बसवले तरी फळ तेच मिळते, फक्त दहादा मिळते.

दुसरा पुनरारंभवाद्यांचा. याचे आचार्य म्हणजे दादरला राहणारा, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा. “मामा, एकदा बंद करून चालू करा ना,” एवढेच तो फोनवर सांगतो. या मतात अर्धे सत्य आहे. काळी खिडकी उघडताना प्रोग्रॅमांच्या पत्त्यांची यादी एकदाच वाचून घेते. नंतर यादीत भर पडली तरी तिला पत्ता लागत नाही. पण त्यासाठी ती खिडकी मिटून नवी उघडणे पुरे. अख्खा संगणक बंद करणे हे शिंकेवर शस्त्रक्रिया सुचवण्यासारखे आहे.

तिसरा अनुमतिवाद्यांचा. गिरण्यांच्या जागी लोअर परळला काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेथे हा पंथ वाढला. ‘अ‍ॅडमिन राइट्स नसतील’ हे त्यांचे सर्व प्रश्नांवरचे उत्तर. वस्तुतः ‘इन्स्टॉल नाऊ’ म्हटल्यावर पायथॉन वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो. त्याला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. या पंथाची मूळ दीक्षा पॉवरशेलची असावी. २००६ साली आलेल्या त्या साधनात साध्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवणे मुळातच निषिद्ध असते आणि आधी धोरण बदलावे लागते. तेथले खरे सूत्र त्यांनी येथे लावले, इतकेच.

सिद्धान्त

असणे वेगळे आणि सापडणे वेगळे, हा या शास्त्राचा गाभा. पायथॉन संगणकात असतो, पण त्याचा पत्ता ‘पाथ’ नावाच्या यादीत नसतो. ही यादी म्हणजे अर्धविरामांनी तोडलेली फोल्डरांची माळ. यंत्र ती डावीकडून वाचत जाते आणि मागितलेल्या नावाची पहिली वस्तू जेथे भेटेल, तीच चालवते. दुसरी अधिक चांगली आहे का, हे पाहायला ते पुढे जात नाही.

एका नावाच्या दोन वस्तू असल्या की काय होते, याचा दाखला परदेशी ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. तो दादर स्थानकात आहे. तेथे पश्चिम रेल्वेचा एक नंबर होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर होता. ‘एक नंबरवर उभा आहे’ हे वाक्य पूर्ण सत्य असूनही निरुपयोगी होते. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्यचे फलाट ८ ते १४ झाले. संगणकात मात्र अशी फेरआखणी कोणी करून देत नाही. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीला १ जानेवारी २०२० रोजी निवृत्ती मिळाली, तरी एखादे जुने सॉफ्टवेअर तिला यादीत पुढे बसवून गेलेले असते. शिवाय २०१९ पासून विंडोज १० मध्ये ‘पायथॉन’ नावाचा एक फलाट आहे, ज्यावर गाडी लागतच नाही. तो चतुर्विध नकाराऐवजी थेट मायक्रोसॉफ्टच्या दुकानात नेऊन सोडतो. चौकटीत खूण केली, की खरा पायथॉन वापरकर्त्याच्या यादीत अग्रभागी येतो आणि हे दुकान मागे पडते.

उपसिद्धान्त

पायथॉनची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. देवनागरीला जागा देणारा युनिकोडचा पहिला खंड त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. एकाच सालचे असूनही विंडोजवर त्यांची ओळख करून द्यावी लागते. लिहिण्यासाठी फाइल उघडताना ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ असे स्पष्ट सांगितले नाही, तर प्रचलित आवृत्त्या तिला पाश्चात्त्य लिपीची समजतात आणि देवनागरीच्या पहिल्याच अक्षरावर अडतात. काळ्या खिडकीत अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग दिसली, तरी एवढ्यावरून फाइल बिघडली असे मानू नये. तो बहुधा खिडकीच्या फाँटाचा दोष असतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून मगच शोक करावा.

निर्णय

बसवताना चौकटीत खूण करावी. राहिली असल्यास काही उखडू नये. तीच इन्स्टॉलर फाइल पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’ निवडावे, पुढच्या पानावर ‘अ‍ॅड पायथॉन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ सापडते. तेवढाही धीर नसेल, तर पी-वाय ही दोनच अक्षरे टंकावीत. २०१२ पासून पायथॉनसोबत येणारा हा सहायक यादीत चौकटीवाचूनही सापडतो. आणि वाचकहो, भाच्याला फोन लावण्याआधी ती काळी खिडकी एकदा मिटून उघडा. त्याची परीक्षा चालू असते.